देवघरात लागलेली झोप

त्या वर्षी मी देवपूजा सोडली आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला सकाळी उठवत नाही असं समजून ह्यांनी ऑफिसला निघण्यापूर्वी दिवा लावायला सुरुवात केली होती, आणि मीही तसंच समजू दिलं. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. मला मोठ्या आतड्याचा जुनाट आजार आहे. आतड्याला आतून व्रण पडतात, पोटात पिळवटतं, रक्त जातं, आणि बोलावणं आलं की थांबायला सवड नसते. हा आजार कधी महिनोन्महिने गप्प बसतो आणि मग काही कारण नसताना उसळतो. त्या वर्षी तो उसळला तो खाली बसायलाच तयार नव्हता. रात्रीतून किती वेळा उठावं लागे याची गणती मी सोडून दिली होती. बेळगावात आमच्या माहेरी अंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही असा शिरस्ता. तो माझ्या अंगात इतका मुरलेला की अंघोळ होऊन पुन्हा जावं लागलं की मी देवघराच्या उंबऱ्यातूनच मागे फिरत असे. आधी रोजची पूजा सुटली. मग गुरुवारचा उपास सुटला, कारण गोळ्या रिकाम्या पोटी चालत नव्हत्या. पुढे पुढे येताजाता हात जोडणंही थांबलं. मला माझाच विटाळ झाला होता, दुसरं काय.

या दुखण्याबरोबर झोप गेली. पोट उठवायचं हे एक कारण झालं, पण पोट शांत असलं तरी डोळा लागत नसे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माणसाला झोप येत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शिवाय झोपले आणि वेळेत जाग आली नाही तर, ही भीती उशाला कायमची येऊन बसलेली. ह्यांची झोपमोड नको म्हणून मी बाहेरच्या सोफ्यावर, बाथरूमच्या दाराजवळ पडू लागले. फ्रिजची मोटर चालू झाली की मला कळायचं, बंद झाली की कळायचं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी छातीत धडधडायचं. लोकांनी उपाय सांगितले. जायफळ घालून गरम दूध घे म्हणाले, पण दूध मला सोसत नाही. तळपायाला तेल चोळून झालं. बारावीतल्या माझ्या मुलीनं फोनवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून दिला. पाण्याचा आवाज ऐकून मला पुन्हा उठून जावं लागलं, तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. त्या दिवसांत हसल्याची तेवढीच एक आठवण आहे. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. दुर्बिणीनं आतडं तपासायचं असलं की मी त्या दिवसाची वाट बघत असे. ती तपासणी, तिच्या आदल्या दिवशी प्यावं लागणारं ते खारट औषध, सगळं मला चालायचं, कारण तिथे भूल देतात. तेवढा वेळ मला माझ्यापासून सुटका मिळायची.

मी इथे, या कानडी शहरात, जयनगरमधल्या एका शाळेत हिंदी शिकवते. इतकी वर्षं शिकवूनही फळ्यावर साधे शब्द लिहिताना वेलांट्या चुकू लागल्या. मुलं चांगली होती, हळूच सांगायची. पण तास अर्ध्यावर टाकून दोनदोनदा पळत जाणाऱ्या बाईंकडे वर्ग कसा बघतो हे पाठमोरी असतानाही कळतं. मी नोकरी सोडायचं ठरवत आणलं होतं. आणि झोप मिळावी म्हणून, घरात कुणाला न सांगता, गोळ्या थांबवल्या होत्या. दोन-तीन रात्री जराशी डुलकी लागली. मग रक्त वाढलं.

तो गुरुवार होता. ह्यांना रजा मिळाली नाही, म्हणून राजाजीनगरच्या बाजूला असलेल्या दवाखान्यात मी एकटीच गेले. डॉक्टर भले माणूस आहेत. गोळ्या मनानं बंद केल्याबद्दल ते रागावले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले की आता इंजेक्शनं सुरू करावी लागतील, आणि त्यांचाही उपयोग झाला नाही तर आतडं काढण्याचा विचार करावा लागेल. मी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर, झोप कधी येईल?" ते म्हणाले, पोट निवलं की येईल. त्याच्या आधी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की नीट झोप झाली की पोट निवेल. मी दोघांनाही हो म्हटलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात आलं की उद्याची सकाळ झालीच नाही तर किती बरं होईल. मरावं असं वाटत नव्हतं. फक्त पुढचं काही नको होतं.

रिक्षा मिळाली. चामराजपेटमध्ये रस्ता खोदून ठेवलेला, पुढे बस अडकलेली, सगळे हॉर्न वाजवताहेत. आणि तिथे पोटात पहिली कळ आली. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून काय कळणार. घामानं हात ओले झाले. मी रिक्षाचा दांडा धरून वाकून बसले. आरशातून रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं असावं. त्यानं काही न विचारता गाडी वळवली आणि एका अरुंद गल्लीत घातली. तो कुठे चाललाय हे विचारायचं भान मला नव्हतं. जवळजवळ उभ्या जुन्या घरांची ती गल्ली. एका घराचं दार सताड उघडं होतं, दारात बायकांच्या चपला पडल्या होत्या, आणि उंबऱ्याशी एक म्हाताऱ्या बाई फुलांची पुडी सोडत उभ्या होत्या. रिक्षावाल्यानं तिथेच ब्रेक मारला आणि ओरडला, "अक्का, मेडमगे हुषारिल्ल! स्वल्प बाथरूम बेकु!" मॅडमना बरं नाही, जरा बाथरूम हवंय, असं तो सांगत होता.

त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी उत्तर दिलं. मी उतरायला गेले, कळ पुन्हा उठली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गं!" ते ऐकताच बाई एकदम मराठीत म्हणाल्या, "अगं बाई, आपल्यातली आहेस होय! ये, ये. चपला राहू देत. सरळ आत जा, डाव्या हाताला दार आहे."

मी पुढची खोली ओलांडली, तिथे शिलाईची मशिनं होती एवढं दिसलं. आतल्या मोठ्या खोलीत सतरंजी घातली होती, चार-पाच बायका टाळ घेऊन बसत होत्या, आणि समोर अख्खी भिंत व्यापून दत्तगुरूंची तसबीर होती. मी थबकले. डाव्या हाताचं दार त्याच खोलीत, देवाच्या भिंतीला काटकोनात होतं. पण थबकायला वेळ नव्हता.

खरं सांगायचं तर मी अगदी वेळेत पोचले नव्हते. आत दार लावून मी भिंतीला डोकं टेकून रडले. आवाज होऊ नये म्हणून तोंडात ओढणी धरून रडले. बाहेर अनोळखी बायका, अनोळखी घर, देव समोर, आणि माझी ही अवस्था. आता बाहेर कशी जाऊ, एवढा एकच विचार होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. "कडी काढ. मी बघत नाही," त्या बाईंचा आवाज आला. मी दार किंचित उघडलं. फटीतून एक धुवट सुती साडी, एक परकर आणि साबणाची वडी आत आली. "कपडे बादलीत टाकून ठेव. मी घालते वाळत. गडबड करू नको, कुणाला घाई नाही इथं."

मी अंग धुऊन, त्यांची साडी नेसून बाहेर आले. एकाही बाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं नाही. एकीनं तर सरकून वाट दिली, जशी रोज येणाऱ्या कुणाला द्यावी. रिक्षावाला माझी पिशवी कट्ट्यावर ठेवून केव्हाच निघून गेला होता. अक्कांनी, आता मीही त्यांना अक्काच म्हणते, त्या दाराला लागूनच भिंतीकडेला चटई अंथरली होती आणि वर एक गोधडी घातली होती.

"कपडे वाळेस्तोवर पड जरा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अक्का, इथे नको. मी बाहेरच्या खोलीत बसते. माझी अंघोळ… देवासमोर अशी कशी…"

"बाहेर मशिनं हैत, पाय पसरायला जागा नाही. आणि इथनं तुला दार जवळ पडतंय की." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पाय धुतलेस न्हवं? मग झालं."

माझ्याजवळ वाद घालायला त्राण नव्हतं. मी आडवी झाले. डोक्याशी दत्तगुरू, पायाशी संडासाचं दार. जन्मभर जे एकमेकांपासून लांब ठेवायला शिकले होते, त्या दोहोंच्या मध्ये मी आडवी पडले होते. कुणीतरी मोगऱ्याचा गजरा तसबिरीला घालत होतं, त्याचा वास आला. टाळ वाजू लागले. बायकांनी एक कन्नड पद धरलं, मग एक मराठी. मराठी शब्द त्यांच्या तोंडी जरा वेगळे, लांबवलेले येत होते. मी मनात म्हटलं, कपडे वाळले की उठायचं, घरी फोन करायचा. इतकंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून निघून गेलं होतं. सतरंजी घडी करून ठेवलेली होती. बायका नव्हत्या. समोरच्या भिंतीला टेकून हे बसले होते, ऑफिसच्या कपड्यात, हातात कॉफीचा पेला तसाच. क्षणभर मला वाटलं हे आमचंच घर आहे. मग वाटलं, मी गेले की काय. मी उठून बसले तशी ह्यांनी पेला खाली ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ह्यांचे डोळे लाल झाले होते.

मागचं सगळं मला नंतर कळलं. माझा फोन पिशवीत वाजत राहिला होता. अक्कांनी तो शेवटी उचलला आणि सांगितलं, तुमची बायको आमच्या घरी झोपली आहे, उठवू का? हे म्हणतात की त्यांना त्या वाक्याचा अर्थच लागेना. त्यांनी पुन्हा विचारलं, काय करतेय? अक्का म्हणाल्या, झोपलीय हो, गाढ. तेव्हा हे एवढंच म्हणाले, "उठवू नका. मी येतो." ऑफिसातून निघून, पत्ता विचारत आले, आणि बायका जाईपर्यंत दारातल्या कट्ट्यावर बसून राहिले. बायकांचं भजन चालू होतं. फ्रिजच्या मोटरनं जागी होणारी मी, माझ्या कानाशी टाळ वाजत होते आणि मी झोपले होते. आरती झाली, घंटा वाजली. तीर्थ घ्यायला बायका पुढे आल्या, तर मी वाटेतच आडवी. झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही म्हणून एकेक जण लांबनं वळसा घालून गेली, आणि एका थकलेल्या आजींना वळसा घालणं जमेना, तर त्या दारातूनच नमस्कार करून घरी गेल्या. माझ्यामुळे कुणाचं दर्शन राहिलं म्हणून मी ओशाळले, तशा अक्का हसून म्हणाल्या, "राहिलं कुठं? तिथनं दिसत नाही काय देव?"

त्यांनी मला भाताची पेज दिली, मीठ घालून, पातळ, जराशी कोमट. प्रसादाची कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, आणि हरभऱ्याची उसळ ताटात होती, पण ती त्यांनी माझ्यापुढे केली नाही. मी काय खाऊ शकते हे मी सांगितलंच नव्हतं. मी पेज पिता पिता विचारलं, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?" त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि मग त्यांनी मला आपल्या यजमानांबद्दल सांगितलं.

त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेलं, शिवणकामाचं. यजमान लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवायचे, लाल मखमलीचे, सोनेरी दोऱ्याचे. आणि गुरुवारचं भजन ते चालवायचे, गळा फार गोड. ऐन उमेदीत त्यांना पोटाचं दुखणं लागलं. "तेव्हा नाव पण धड ठाऊक नव्हतं बघ त्या रोगाचं," अक्का म्हणाल्या. "रक्त पडायचं. रात रात बसून असायचे." तेव्हा संडास मागच्या अंगणापलीकडे होता. भजन रंगात आलं की ते मधेच उठून पळायचे. एकदा सगळ्यांसमोर त्यांना पोचता आलं नाही. त्यानंतर ते भजनाला आत बसेनात. बाहेर रस्त्यावर, कट्ट्याच्या कडेला बसायचे आणि तिथूनच ओठ हलवायचे. पद घरात चालायचं आणि पद म्हणणारा रस्त्यावर. अक्कांना ते बघवेना. त्यांनी गवंडी बोलावला, या खोलीचा कोपरा फोडला आणि देवाच्या खोलीतच दार काढून संडास बांधून घेतला. सासूसासरे किती तरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पूजा सांगायला येणाऱ्या भटजींनी येणं बंद केलं. आळीतल्या काही घरांनी तीर्थप्रसाद घेणं सोडलं.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. रात्री झोप येईना मला. मग देवालाच म्हटलं, तुला घाण वाटत असेल तर तू जा बाबा दुसरीकडं, ह्यांना मला आत घ्यायचंय." त्यांनी मानेनंच तसबीर दाखवली. "गेला नाही. बसलाय अजून."

त्या दारामुळे यजमान पुन्हा आत येऊन बसू लागले. मधेच उठायचे, जाऊन यायचे, हातपाय धुऊन पुन्हा टाळ घ्यायचे. शेवटच्या आजारापर्यंत त्यांनी भजन म्हटलं. ते गेल्यावर मुलांनी घर नीट करायला काढलं, वर नवीन बाथरूम बांधली, आणि म्हणाली, अम्मा, हे देवाजवळचं आता पाडून टाकू. अक्कांनी पाडू दिलं नाही. कशासाठी ठेवायचं हे त्यांनाही सांगता येईना. त्या मुलांना एवढंच म्हणाल्या होत्या, "राहू दे. कुणाला तरी लागेल."

त्या हे सगळं अगदी सहज सांगत होत्या, माझ्याकडे न बघता, पुडीतली उरलेली फुलं निवडत. माझ्या हातातली पेज निवत होती. त्या गल्लीत किती घरं होती. रिक्षावाला कुठेही थांबू शकला असता, किंवा थांबलाच नसता. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि तो योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. मी फक्त जे घडलं ते सांगते आहे. एका बाईनं खूप वर्षांपूर्वी आपल्या माणसासाठी देवाची भिंत फोडली, आणि ती जागा माझ्यासाठी तशीच राहिली.

निघताना अक्कांनी माझे वाळलेले कपडे घडी करून दिले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "डाक्टर काय सांगतील ते कर हं. औषध सोडू नको. त्यानंच दिलेलं आहे ते पण." मी गोळ्या थांबवल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. घरी परतताना रिक्षात हे बाहेर बघतच म्हणाले, "तू सोफ्यावर जातेस ना, तेव्हा मीही जागाच असतो. बाथरूमचं दार किती वेळा वाजलं ते ऐकत पडलेला असतो. तुला कळू नये म्हणून कूस बदलत नाही." इतके दिवस आम्ही दोघं एकाच घरात, एकमेकांना झोपू द्यायचं म्हणून, जागे होतो. त्या रात्री मी आत, आमच्या खोलीत झोपायला गेले. झोप फारशी लागली असं नाही. पण ह्यांनी कूस बदलली, ते बरं वाटलं.

इथपर्यंत सांगून थांबले असते तर गोष्ट सुंदर झाली असती. पण पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले, आणि कशासाठी गेले ते कबूल केलं पाहिजे. मी झोपायला गेले होते. आठवडाभर मी त्या चटईचा विचार करत होते. फळं घेऊन गेले, दत्तगुरूंना हार घेऊन गेले, त्याच जागी तशीच आडवी झाले, डोळे मिटून घेतले, आणि झोप आली नाही. टाळ डोक्यात आदळत होते. पाठीला चटई टोचत होती. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, आता दे, मी आले आहे ना. आरती झाली तरी मी टक्क जागी. बायका गेल्यावर मी अक्कांजवळ रडवेली होऊन म्हणाले, "अक्का, आज काय झालं? आज का नाही?" त्यांना हसू आलं. "मला काय विचारतेस? झोप काय माझ्या घरची हाय, तुला बांधून द्यायला?" आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पुढच्या वेळी बसून भजन म्हण. लागली तर लागली."

घरी जाताना मला त्यांचा थोडा रागच आला होता. समजायला दिवस लागले. पहिल्या गुरुवारी मी काही मागितलंच नव्हतं. माझ्याजवळ मागायला तोंड नव्हतं, अब्रू नव्हती, अंगावरचे कपडेसुद्धा माझे नव्हते. मी फक्त पडले होते. दुसऱ्या वेळी मी हार घेऊन वसुलीला गेले होते. शरण जाणं म्हणजे काय यावर मी मुलांना दोहे शिकवताना तासच्या तास बोलले आहे. ते प्रत्यक्षात एवढं साधं आणि एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. हात उघडे ठेवायचे, आणि त्यात काही पडलं नाही तरी मिटायचे नाहीत.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिले काही महिने फरक दिसला नाही, मग हळूहळू रक्त थांबलं, आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत करत बंद केल्या. ऑपरेशनची गोष्ट सध्या तरी मागे पडली आहे. माझी झोप सुधारली ती औषधांनी, डॉक्टरांनी, की आणखी कशानं, हे मी वेगळं काढून सांगू शकत नाही, आणि मला ते काढायचंही नाही. पूर्ण बरी मी झालेले नाही. हा आजार तसा जात नाही. अजूनही थकवा असतो, अजूनही कितीतरी रात्री डोळा उघडा असतो. पण शाळा सुटली नाही. मी मुख्याध्यापिकाबाईंना सगळं खरं सांगितलं, जे इतकी वर्षं लपवत होते, आणि तळमजल्यावरचा, स्वच्छतागृहाजवळचा वर्ग मागून घेतला. त्या म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंत?

घरी मी पुन्हा दिवा लावू लागले. जमेल तेव्हा अंघोळ करून, नाही जमलं तर हातपाय धुऊन. पहिल्या दिवशी काडी ओढली तरी आमच्या दत्तगुरूंच्या तसबिरीतल्या तिन्ही चेहऱ्यांकडे बघायचं धाडस होईना. मग बघितलं. इतके महिने मी ज्या नजरेला घाबरले होते, ती तिथे नव्हतीच. ती माझीच होती.

जमेल तसे गुरुवार मी चामराजपेटला जाते. शाळा सुटल्यावर जायचं म्हणजे भजन निम्मं झालेलं असतं. मी मागे, त्या दाराजवळ बसते, लागलं तर मधेच उठून जाते आणि हातपाय धुऊन परत येऊन बसते. कुणी वळून बघत नाही. कन्नड पदांचे शब्द मला अजून नीट येत नाहीत, मी शेवटची ओळ तेवढी धरते. मागच्या गुरुवारी फार दमले होते. सगळा आठवडा वाईट गेला होता. भिंतीला टेकून डोळे मिटले आणि टाळांचा आवाज लांब लांब जाऊ लागला. ती झोप होती की नव्हती, खरंच सांगता येणार नाही. मी ती जागी होऊन तपासून पाहिली नाही. कुणीतरी माझ्या हातावर तीर्थ घातलं, त्या थंड थेंबांनी डोळे उघडले, आणि ते पिऊन ओला हात मी डोक्यावरून फिरवला.